सातवा रकाना

मारण्याआधी मुलगा गुणगुणायचा थांबतो. फितीवर तेव्हा अकरा मिनिटं चाळीस सेकंद झालेले असतात. तोपर्यंत तो लाकडी ठोकळ्यांवर ठोकळे चढवत एकाच सुरात, तोंड मिटून गुणगुणत असतो. मग आवाज बंद होतो. तो मान वळवून खोलीतल्या मोठ्या आरशाकडे पाहतो. एक सेकंद, आणि दुसऱ्याचा जेमतेम तिसरा भाग. मग हातातला ठोकळा शेजारच्या मुलीच्या कपाळावर मारतो. मुलगी रडू लागते आणि तो पुन्हा गुणगुणू लागतो, जिथे सोडलं होतं तिथूनच.

"मॅडम, हा आरशात बघतोय ना?"

विचारणारी आमची तंत्रज्ञ. जुन्या फिती संगणकावर उतरवून घेण्यासाठी तिला सहा महिन्यांसाठी नेमलं होतं. वय चोवीस, म्हणजे फितीपेक्षाही लहान. फीत उतरवायची, तिच्यासोबतची शीट ताडून पाहायची आणि दोन्ही एका क्रमांकाखाली ठेवायची, एवढंच तिचं काम. ती ते जरा जास्तच नीट करायची.

"हो," मी म्हणाले.

"मग शीटवर तर 'पाहिलं नाही' असं आहे. सातव्या रकान्यात एक दिलाय. तीन पाहिजेत ना? आणि इथे कागद खरखरीत लागतोय, खोडलेलं दिसतंय. दुरुस्ती टाकू?"

"सही कोणाची आहे?"

तिने शीट डोळ्यांजवळ नेली. "देव जाणे. गांडूळ शाईत पडून चालत गेल्यासारखं आहे."

सव्वीस वर्षांची असताना मी तशी सही करायचे. आता फक्त आद्याक्षरं करते.

"राहू दे तसंच. नंतर बघते मी."

"तुमचा 'नंतर'चा ट्रे भरून वाहतोय, मॅडम," ती म्हणाली आणि शीट त्या ट्रेमध्ये ठेवून तिने पुढची फीत लावली.

क्रमांक दोनशे चौदा. माझ्या ताईचा मुलगा. घरात त्याला सगळे भुंगा म्हणतात.

आमचा अभ्यास तसा साधा होता. तीन वर्षांच्या सहाशे चाळीस मुलांना एकेकदा खेळखोलीत आणायचं, अर्धा तास अनोळखी मुलांसोबत खेळू द्यायचं आणि चित्रण करायचं. एका भिंतीत मोठा आरसा. आतून आरसा, बाहेरून काच, आणि काचेमागे आम्ही. नंतर फीत पाहून दहा रकाने भरायचे, प्रत्येकात शून्य ते तीन गुण. बेरीज चौदा किंवा जास्त आली, तर त्या घरी आठवड्यातून दोनदा एक बाई जायची, दीड वर्षभर. ती पूर्वी परिचारिका होती. धिप्पाड होती, पण जमिनीवर फतकल मारून बसायची आणि आईबापांना शिकवायची: मूल शांत असतं तेव्हा त्याच्याकडे कसं बघायचं, चिडलं की आधी स्वतः कसं थांबायचं. एवढंच. पुढे ही मुलं मोठी झाली की शाळेच्या आणि कोर्टाच्या नोंदींशी सगळं जुळवून बघायचं, असं ठरलं होतं.

सातवा रकाना होता दुसऱ्या मुलाला दुखावण्याचा. रागाच्या भरात हात उगारला तर एक. आधी मोठं माणूस बघतंय का याचा अंदाज घेऊन मारलं, तर तीन. दोन नव्हतेच. या रकान्यावर आमचे सर, अभ्यासाचे प्रमुख, फार अडून असायचे. ते म्हणायचे, "रागाच्या भरात कोणतंही मूल मारतं, माझ्या मुलाने मला चष्म्यासकट मारलंय. बघून मारतं, त्याला मदत लागते. शिक्षा नाही म्हणत मी. मदत."

आणखी एक नियम होता. मूल आपल्या नात्यातलं असेल तर फीत दुसऱ्याकडे द्यायची.

मी ती दिली नाही. दुसरी निरीक्षक त्या आठवड्यात रजेवर होती हे खरं आहे, पण ती सोमवारी परत येणार होती. मी तीन वेळा फीत पाहिली. पेन्सिलने तीन लिहिलं. बेरीज केली, पंधरा आली. मग खोडून एक लिहिलं. बेरीज तेरा.

हे मी ताईसाठी केलं, असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून ती म्हणाली होती, "छोटे, हा तुझ्या यादीत आला ना, तर सासूबाई मला घरात उभं करायच्या नाहीत. आधीच म्हणतात, पोरगा आईवर गेलाय." ती हसत म्हणाली होती, पण हातात पर्सचा पट्टा पिळत होती. हेही खरंच आहे. पण खोडताना माझ्या मनात सासूबाई नव्हत्या. बुधवारची बैठक होती. तिथे चौदा किंवा जास्त गुणांच्या मुलांचे क्रमांक वाचून दाखवले जायचे, आणि दोनशे चौदा म्हणजे माझा भाचा हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मी त्या टेबलाभोवती सगळ्यांत नवी होते. मला माझ्या घरचा क्रमांक तिथे ऐकायचा नव्हता.

मग स्वतःची समजूत काढायला एक कारणही शोधलं. काचेमागे मी आहे हे भुंग्याला माहीत होतं, मीच त्याला आत सोडताना सांगितलं होतं. तेव्हा तो कोणी बघतंय का हे पाहत नव्हता, तो मावशीला शोधत होता. हे शक्य आहे. एक सेकंद आणि एक तृतीयांशात काय होतं, हे सांगायला आमच्याकडे रकाना नव्हता. पण तसं असेल तर शेऱ्याच्या जागी लिहायला हवं होतं. मी 'पाहिलं नाही' लिहिलं.

आठवड्याने ताईला छापील पत्र गेलं. आपल्या मुलाचं वर्तन त्याच्या वयाला साजेसं आहे, सहभागाबद्दल आभारी आहोत. ती ते घेऊन आमच्या आईकडे नाचत आली होती.

त्या पत्राचं काय होणार आहे हे मला तेव्हा कळायला हवं होतं. भुंगा चार वर्षांचा असताना त्याचे वडील घर सोडून गेले. ताईने कपडे दुरुस्त करायचं दुकान काढलं: चेन बदलणं, बाह्या आखूड करणं, कंबर सैल करणं. पहिलीत बाईंनी बोलावून सांगितलं, याला एकदा कुणाला तरी दाखवा. ताईने पर्समधून पत्र काढलं. "दाखवलाय. संस्थेत दाखवलाय, माझी बहीण तिथेच असते. हे बघा." बाई गप्प बसल्या. तिसरीत त्याने एका मुलाचा हात दारात धरून दार लावलं. तेव्हा मुख्याध्यापकांनी पत्र वाचलं आणि वर्गच बदलून दिला. सहावीत दुसरी शाळा, तिथेही पत्र. एव्हाना घडीवर ते फाटत आलं होतं, म्हणून ताईने मागून अस्तराचा चिकट तुकडा इस्त्रीने लावला होता. शिंप्याचं डोकं.

प्रत्येक वेळी ती मला फोन करून सांगायची. प्रत्येक वेळी मी ठरवायचे की येत्या रविवारी जाऊन सांगायचं. एका रविवारी तर तिच्या दारापर्यंत गेले. तिने दार उघडल्या उघडल्या म्हटलं, "बरं झालं आलीस, जरा सुईत दोरा ओव, माझे डोळे गेले कामातून." मी दोरा ओवला, आणखी सहा सुयांमध्ये ओवून ठेवला आणि चहा पिऊन घरी आले.

पुढचं लांबवत नाही. सतरा वर्षांचा असताना मोटारसायकल चोरल्याबद्दल सुधारगृह. तेविसाव्या वर्षी एका गोदामात शिरताना आडव्या आलेल्या रखवालदाराला त्याने लोखंडी कांबीने मारलं. रखवालदाराचा डावा डोळा गेला. खटल्यात तो माणूस साक्षीला उभा होता. वकिलाने विचारलं, "याने रागाच्या भरात मारलं का?" रखवालदार म्हणाला, "नाही साहेब. त्याने आधी रस्त्याकडे बघितलं. मग मारलं."

मी तिसऱ्या बाकावर बसले होते. माझ्या शेजारी ताई होती. तिने माझा हात धरला होता, मीही तिचा धरून ठेवला.

आमच्या अभ्यासाचे निकाल त्यानंतर वर्षभराने आले. कोष्टक मीच केलं. चौदा किंवा जास्त गुणांच्या मुलांपैकी जी गृहभेटी सुरू होण्याआधीच्या वर्षी आली आणि ज्यांना मदत मिळाली नाही, त्यांच्यातली शंभरात बावीस मोठेपणी कोर्टात उभी राहिली. ज्यांच्या घरी ती बाई गेली, त्यांच्यातली तेरा. म्हणजे बहुतेक मुलं दोन्हीकडे सरळ मार्गाला लागली. फरक नऊचा. भुंगा त्या नवांपैकी होता का, हे कुणालाही कधीच सांगता येणार नाही. एकेका माणसाबद्दल असं काही म्हणता येत नाही, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला शिकवते. आणि मग घरी येऊन उरलेल्या एक्याण्णवांच्या मागे लपते. त्या कोष्टकात दोनशे चौदा तेरा गुणांच्या रांगेत बसलेला आहे, मदतीची गरज नसतानाही बिघडलेलं मूल म्हणून. तेही मीच छापलं.

तंत्रज्ञ जेवायला गेली तेव्हा मी ट्रेमधून शीट काढली. खोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. पेन्सिलीचा रंग गेला होता, पण दाबून लिहिलेल्या तीनचा खळगा अजून बोटाला लागत होता. शीट पिशवीत घातली आणि अर्धा दिवस रजा टाकली. ताईने सकाळीच फोन केला होता: भुंगा पुढच्या महिन्यात मुदतीआधी सुटणार होता, आणि सुटल्यावर त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकारीबाई चार वाजता दुकानात येणार होत्या. "तू ये," ती म्हणाली होती. "तुला त्यांची भाषा कळते. मी काहीतरी वेड्यासारखं बोलेन."

दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. दोन शिलाई मशिनी, एक इस्त्रीचं टेबल, भिंतीला खिळ्यांवर लावलेल्या चेना, लहानापासून मोठीपर्यंत. मी पोचले तेव्हा एक जाडगेले गृहस्थ पँट घेऊन उभे होते.

"गेल्या महिन्यातच सैल केली ना हो?" ताई दातांत टाचण्या धरून म्हणाली.

"धुतल्यावर आखडली."

"कापड आखडलं तर लांबीलाही आखडतं. ही फक्त पोटावर आखडते, हुशार आहे." गृहस्थ हसले. "शुक्रवारी या. आणि आता आत कापड उरलेलं नाही, पुढच्या वेळी तुम्हालाच उसवावं लागेल."

ते गेल्यावर तिने टाचण्या काढून डबीत टाकल्या. "बस, छोटे. तोंड का असं? दाढ दुखते?"

"नाही. ताई, त्या यायच्या आधी मला जरा बोलायचंय."

"आधी माझं ऐक." तिने मशीनचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "मी त्याला घरी घेणार नाही."

मी नुसतीच तिच्याकडे बघत राहिले. गेली सहा वर्षं ती दर पंधरवड्याला त्याला भेटायला जात होती. त्याची खोली झाडून ठेवत होती.

"तशी बघू नकोस. त्याचा राग नाही आलाय मला. मी विचार केलाय, पुष्कळ केलाय, हात चालू असले की डोकं मोकळंच असतं. तीन वर्षांचा असेपर्यंत तो चांगला होता. हे मी नाही म्हणत, तुम्हीच लिहून दिलंय. मग बिघडला कधी? चौथ्या वर्षानंतर. चौथ्या वर्षी काय झालं? बाप गेला आणि मी हे दुकान काढलं. बाप तर तसाही घरात नसायचाच. मग राहिलं कोण?"

"ताई, असं एका कारणाने..."

"थांब ना. मी त्याला इथे कोपऱ्यात बसवून ठेवायचे, तासन् तास. दोऱ्याची रिळं देऊन. रडला की खाऊ द्यायचे, फार झालं की पट्टीने मारायचे. आणि मारायच्या आधी दाराकडे बघायचे गं, गिऱ्हाईक येत नाही ना म्हणून. देवासारखं पोर हातात दिलं होतं, ते मी हाताने बिघडवलं. परत माझ्याच हातात दिलं तर काय होणार? लांबच्या गावी वसतिगृह आहे म्हणे त्यांचं, सुटलेल्यांसाठी. तिथे राहू दे. तिथे निदान मी नाही."

"तो काय म्हणतो?"

"तो? तो म्हणाला, आई, मशीन चालू असली की मला झोप चांगली लागते, इथे आवाजच नाही कसला." तिने पदराने नाक पुसलं. "मी म्हटलं, बघू."

तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पिशवीत हात घातला, शीटची कडा बोटाला लागली, आणि दारात सावली पडली.

अधिकारीबाई चाळिशीच्या असाव्यात. खांद्याला फायलींची पिशवी, पायात दणकट बूट. ताईने त्यांना एकुलत्या एका पाठीच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी राहिली. त्यांनी टेबलावरचा कपड्यांचा ढीग पाहिला.

"काम जोरात दिसतंय."

"लोक खातायत, आम्ही जगतोय," ताई म्हणाली.

त्या हसल्या आणि फॉर्म काढला. सवयीच्या आवाजात विचारू लागल्या: घरात किती माणसं, खोल्या किती, शेजाऱ्यांना माहीत आहे का. ताई एका शब्दात उत्तरं देत होती. मग त्यांनी पेन थांबवलं.

"आता महत्त्वाचं. तुम्ही त्याला घरी घ्यायला तयार आहात का? हो म्हटलंत तर मी आठवड्यातून एकदा येणार, त्याच्याशी बोलणार, तुमच्याशीही बोलणार. नाही म्हटलंत तर वसतिगृह. तिथून घरी पाठवायचं म्हटलं तर पुन्हा सगळी प्रक्रिया, वर्ष-दीड वर्ष धरा. घाई नाही, पण उत्तर मला आज लिहून न्यायचंय."

"उत्तर तयार आहे," ताई म्हणाली. "त्याच्या आधी तुम्हाला एक कागद द्यायचाय. फायलीला लावा."

तिने मशीनचा खण उघडला. बटणांचा डबा, खडू, मोजपट्टी, आणि त्याखाली पारदर्शक पिशवीत ते पत्र. अस्तर लावलेलं, कडा पिवळ्या. तिने ते दोन्ही हातांनी पुढे केलं.

"तो जन्माने वाईट नाही, हे लिहा. शास्त्रज्ञांनी तपासलाय त्याला, हे पत्र आहे. ही माझी बहीण, ती तिथेच असते, विचारा हवं तर. जे झालं ते नंतर झालं. माझ्याकडून झालं. म्हणून मी..."

अधिकारीबाईंनी पत्र घेतलं, चष्मा वर करून वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याच संस्थेचं आहे?"

"हो."

"चांगलं आहे. अशा जुन्या नोंदी सहसा कुणी ठेवत नाही." त्यांनी फायलींच्या पिशवीतून भोकं पाडायचं पंचिंग मशीन काढलं. पत्राची कडा त्यात सरकवली.

माझ्या डोक्यात नेहमीसारखंच सगळं रांगेत उभं राहिलं. शंभरातले एक्याण्णव. सोमवारी परत येणारी निरीक्षक. नोकरीची उरलेली सहा वर्षं. त्या कोष्टकाखालची माझी सही. आणि ताई, जी आता माझं तोंडही बघणार नाही, निदान बरेच दिवस. रांग पूर्ण झाली तरी अधिकारीबाईंनी अंगठा अजून दाबला नव्हता. ताई त्या अंगठ्याकडे बघत होती. समोरच्या दुकानात कोणीतरी शटर वर करत होतं.

"भोक पाडू नका," मी म्हणाले.

दोघी माझ्याकडे वळल्या.

मी पिशवीतून शीट काढली आणि इस्त्रीच्या टेबलावर, त्या गृहस्थांच्या पँटीवर, सरळ करून ठेवली. सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. 

"ताई, ते पत्र खोटं आहे. तो तीन वर्षांचा असतानाच त्याला मदत लागणार होती, आणि तुलाही. दुकान निघायच्या आधी. बाप जायच्या आधी. त्याने आरशाकडे बघितलं होतं. मी ते पाहिलं होतं, आणि इथे खोडून 'पाहिलं नाही' लिहिलं."